‘मानसिकता’ ही पळवाट आहे

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन येतो आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. या दोन तारखांच्या आगेमागे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या वाचनालयात जा, ‘ग्रंथालये आणि नवे तंत्रज्ञान’ हा परिसंवाद ठरलेला. एक वक्ता सांगतो की आता सगळे मोबाईलवर मिळते, कृत्रिम बुद्धिमत्ता विचाराल त्याचे उत्तर देते, ग्रंथालयांनी कात टाकली नाही तर त्यांना कुलूप लागेल. दुसरा सांगतो की छापील पानाचा वास आणि स्पर्श पडद्याला कधीच येणार नाही. टाळ्या दोघांनाही पडतात. मग चहाच्या वेळी दोघांचे एका मुद्द्यावर एकमत होते : ‘यंत्रे आणता येतील हो, पण आपल्या स्टाफची मानसिकताच नाही.’ ज्यांच्या मानसिकतेबद्दल हे बोलणे चाललेले असते ते ग्रंथपाल, पुस्तकांची देवघेव पाहणारे निर्गम सहायक आणि शिपाई त्याच वेळी मागे खुर्च्या उचलत असतात. व्यासपीठावर त्यांच्यापैकी कुणी नसते.

हा वाद चुकीच्या जागी चालला आहे, असे माझे मत आहे. तंत्रज्ञान हवे की नको, हा प्रश्न आता उरलेलाच नाही. ते हवे. प्रश्न आहे तो कुणाला विचारून आणायचे, आणल्यावर कुणाला काय शिकवायचे आणि त्या वाढलेल्या कामाचे कुणाला काय द्यायचे, हा. ग्रंथालयांतले संगणकीकरण फसते तेव्हा बहुतेक वेळा दोष कर्मचाऱ्यांच्या मानसिकतेचा नसतो. ज्यांनी निर्णय घेतला त्यांनी कामच समजून घेतलेले नसते. कर्मचाऱ्याचा विरोध ही कित्येकदा त्या कामाबद्दलची सर्वांत अचूक माहिती असते. आपण तिला आडमुठेपणा म्हणतो आणि बाजूला सारतो.

हे मी बाहेरून बोलत नाही. तालुक्याच्या गावातल्या, सरकारी अनुदानाच्या वर्गवारीत ‘ब’ वर्गात येणाऱ्या एका ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर मी बरीच वर्षे आहे. पुस्तके अठरा हजारांच्या घरात. काही वर्षांपूर्वी एका देणगीदाराने पैसे दिले आणि आम्ही संगणकीकरण करायचे ठरवले. नोंदी भरण्याचे काम एका ठेकेदाराला दिले, दर नोंदीमागे ठरावीक पैसे. त्याची तरुण मुले आली, दाखल नोंदवह्या, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन ते जिथे लिहिले जाते त्या वह्या, समोर ठेवून झपाझप टाईप करून गेली. दोन महिन्यांत काम ‘पूर्ण’ झाले. पुढाऱ्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, वर्तमानपत्रात फोटो आला. आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्या लक्षात आले की देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या निर्गम सहायक बाई संगणकात नोंद करतात आणि शिवाय खणातून एक दोनशे पानी वही काढून तिच्यातही लिहितात. त्यांना समज देण्यात आली. वही बंद करा, विश्वास ठेवायला शिका, असे लेखी कळवले. त्या पत्रावर इतरांबरोबर माझीही सही आहे.

वही का ठेवता, असे त्यांना कुणी विचारले नाही. मी विचारले, तेही चार महिन्यांनी, आणि ते सुद्धा एका वाचकाने भांडण काढले म्हणून. त्याच्या नावावर न नेलेली कादंबरी दिसत होती. बाईंनी वही उघडली. ‘सर, बालविभागाची दाखल नोंदवही वेगळी आहे. तिचे आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. दिवाळी अंकांचीही वेगळी. संगणकात एका आकड्याला एकच पुस्तक. यांच्या मुलीने ४१२ नंबरचं गोष्टीचं पुस्तक नेलं, तर संगणक म्हणतो मोठ्यांच्या विभागातली ४१२ नंबरची कादंबरी गेली.’ मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पडद्यावर आमच्या संग्रहातले सर्वांत जुने पुस्तक १८२० सालचे दिसत होते आणि आम्ही ते मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगतही होतो. ‘ते १८२० नाही, शके १८२० आहे. म्हणजे १८९८. जुन्या नोंदवहीत सगळं शके लिहिलंय.’ हे तुम्ही आधी का नाही बोललात, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘ती मुलं नोंदी भरत होती तेव्हा मला चार दिवस सांगितलं होतं, तुम्ही मध्ये बोलू नका, त्यांचा वेळ जातो.’

या एका टेबलावर मला सगळा प्रश्न दिसतो. आम्ही ज्या वहीला जुनाट सवय म्हणत होतो ती त्या ग्रंथालयातली एकमेव खरी नोंद होती. विरोध म्हणून जे दिसत होते ते चुकीच्या नोंदीपासून वाचकाला वाचवणे होते.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे मांडतो, कारण ते पोकळ नाही. पहिली गोष्ट, सगळ्याच वह्या अशा नसतात. ‘ते पुस्तक कुठे आहे ते फक्त मलाच ठाऊक’ या वाक्यात एक सत्ता असते आणि ती सोडायला माणूस तयार नसतो. काउंटरवर ताटकळलेला वाचक आपण सगळ्यांनी पाहिला आहे, कदाचित आपणच तो होतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते आणि पाचवे सांगते की ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी ही दोन सूत्रे बाजूला ठेवता येत नाहीत. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. २०१२ मध्ये राज्य सरकारने महसूल यंत्रणेकडून अनुदानित ग्रंथालयांची पडताळणी करवली, तेव्हा कागदावरच चालणारी, पुस्तके आणि वाचक दोन्ही नसलेली ग्रंथालये उघडी पडली आणि त्यांचे भोग प्रामाणिक ग्रंथालयांनाही भोगावे लागले. रोजची देवघेव संगणकावर सर्वांना दिसेल अशी नोंदली गेली असती तर हे झाले असते का? पारदर्शकतेसाठी यंत्र हवे, हा युक्तिवाद मी पूर्णपणे मान्य करतो. आणि तिसरी गोष्ट, इतिहासात ग्रंथालयाचे लोक बदलाविरुद्ध उभे राहिले आणि चुकीचे ठरले, असे ठळक दाखले आहेत.

त्यांतला सर्वांत बोलका दाखला लंडनचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत वाचकाला कपाटापर्यंत जाऊ देत नसत. काउंटरवर ‘इंडिकेटर’ नावाची मोठी चौकट असे. तिच्यात प्रत्येक पुस्तकाच्या क्रमांकाची छोटी पट्टी असे आणि पट्टीच्या रंगावरून पुस्तक आत आहे की बाहेर ते कळे. वाचकाने छापील यादीत क्रमांक शोधायचा, चौकटीत रंग पाहायचा, मग मागायचे. १८९४ मध्ये क्लर्कनवेल इथल्या ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाने ही चौकट काढून टाकली आणि वाचकाला थेट कपाटांशी जाऊ दिले. आपण त्याला मुक्तद्वार पद्धती म्हणतो. ग्रंथपालांच्या जगात वादळ उठले. पुस्तके चोरीला जातील, क्रम विस्कटेल, ग्रंथालयाची शिस्त मोडेल, अशी टीका वर्षानुवर्षे चालली. विरोधक चुकले, हे आज निर्विवाद आहे. आपल्याकडे अजून कित्येक वाचनालयांत काउंटरपलीकडे वाचकाला जाऊ देत नाहीत, तिथे तर हा दाखला मोठ्या अक्षरांत लिहून लावावा असा आहे.

पण ब्राउन जिंकला तो कसा? त्याने विरोधकांची मानसिकता बदलण्यावर व्याख्याने दिली नाहीत. चोरी होईल, हा आक्षेप त्याने गंभीरपणे घेतला आणि आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट वेगळी करून दोन्हींवर कर्मचारी बसवला. ‘सुरक्षित मुक्तद्वार’ हे त्या पद्धतीचे नावच होते. क्रम विस्कटेल, या आक्षेपाला त्याने कपाटातली पुस्तके विषयवार लावून उत्तर दिले. त्यासाठी वर्गीकरण लागले आणि ते वर्गीकरण कर्मचाऱ्यांना शिकावे लागले. म्हणजे विरोधकांचा निष्कर्ष चूक होता, पण त्यांची भीती खरी होती, आणि त्या भीतीतूनच नव्या व्यवस्थेचे दार बनले, अगदी शब्दशः. विरोध मोडून काढणे वेगळे आणि विरोधातून रचना घडवणे वेगळे. आपल्या परिसंवादांत पहिल्याचीच भाषा चालते.

दुसरा दाखला आपल्या अगदी जवळचा आहे आणि तो आपण विसरलो याचे मला वाईट वाटते. महाराजा सयाजीराव गायकवाड अमेरिकेच्या प्रवासात तिथली ग्रंथालये पाहून प्रभावित झाले आणि १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावून घेतले. महाराजांजवळ पैसा होता. परदेशातून पोलादी कपाटे मागवणे, इमारत उठवणे त्यांना सहज जमले असते, आणि पुढे तेही झाले. पण बॉर्डनने सुरुवातीलाच जी कामे हाती घेतली त्यांत ग्रंथालय कर्मचाऱ्यांचा प्रशिक्षण वर्ग होता. तो १९११ मध्ये सुरू झाला. भारतात अशा प्रकारचे प्रशिक्षण तेव्हा कुठेच नव्हते. बॉर्डन तीन वर्षांत परत गेला, चळवळ मात्र टिकली. गावोगावची वाचनालये आणि पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये चालवायला तयार झालेली माणसे मागे राहिली होती. बॉर्डन नुसती कपाटे लावून गेला असता तर काय राहिले असते?

आणि रंगनाथन यांचेच घ्या. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून आपण दर १२ ऑगस्टला ज्यांच्या तसबिरीला हार घालतो, त्यांची ‘मानसिकता’ सुरुवातीला काय होती? ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून, मला परत शिकवायला घ्या, अशी विनंती घेऊन आपल्या कॉलेजात गेले. ग्रंथालयातले एकटेपण त्यांना सोसवेना. त्यांना सांगण्यात आले की आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, परत आल्यावरही मन रमले नाही तर बघू. ते गेले, शिकले, इंग्लंडमधली शंभरावर ग्रंथालये फिरून पाहिली आणि परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. त्यांना कुणी ‘तुमची मानसिकता नाही’ म्हणून मोडीत काढले असते तर? शिकायला सवड मिळाली, पगार चालू राहिला, नकार ऐकून घेतला गेला आणि परतीचे दार उघडे ठेवले गेले. आज निर्गम सहायक बाईंना आपण यातले काय देतो? रविवारी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा, स्वतःच्या खर्चाने एसटीने यायचे, आणि शेवटी प्रमाणपत्र.

‘बँकांत सुद्धा कॉम्प्युटरला विरोध झालाच होता, आज कुणाला आठवतो?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. मला आठवतो, आणि नीट आठवला तर तो माझ्या बाजूने बोलतो. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ऐंशीच्या दशकात यंत्रांना विरोध केला, हे खरे. पण मग काय झाले? १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये व्यवस्थापन आणि संघटना यांच्यात करार झाले. कोणती यंत्रे, कोणत्या कामासाठी, त्यांवर बसणाऱ्याला कोणता भत्ता, हे कागदावर ठरले. पुढे २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि लाखभर माणसे बाहेर पडली, हेही लपवायचे कारण नाही. तरी ज्या बदलाचे आपण आज गोडवे गातो तो वाटाघाटीतून आला. हुकमाने आला नाही. संघटना आडव्या आल्या म्हणून उशीर झाला, असे म्हणणारे म्हणोत. त्या उशिरातच अटी ठरल्या. ग्रंथालयांच्या बाबतीत वाटाघाट कुठे आहे? एक ठराव, एक कोटेशन आणि एक उद्घाटन.

याचे मोठे कारण उघड आहे : बँकेतल्या माणसाकडे ताकद होती, ग्रंथालयातल्या माणसाकडे ती नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत अकरा-बारा हजार ग्रंथालये अनुदानावर चालतात आणि तिथले कर्मचारी सरकारचे नोकर नाहीत, तर त्या त्या संस्थेचे. सत्तरच्या दशकात व्यंकप्पा पत्की समितीने त्यांच्या वेतनश्रेणीच्या आणि सेवाशर्तींच्या शिफारशी केल्या. त्या लागू करा, ही मागणी करत कर्मचाऱ्यांची एक पिढी निवृत्त झाली, दुसरी होत आली. लहान गावांत ग्रंथपाल म्हणवणारी बाई किंवा बुवा इतक्या मानधनावर काम करतात की शेतावरच्या रोजंदारीत जास्त मिळावे. अनुदान उशिरा आले की तेही थकते. अशा माणसाकडून आपण मराठीतल्या लाखो पुस्तकांच्या शुद्ध संगणकीय नोंदीची अपेक्षा करतो आणि ती झाली नाही की मानसिकतेवर बोट ठेवतो. हे अन्यायाचे आहे. याहून सौम्य शब्द मला वापरायचा नाही.

यावर मला सांगतात की मग तर यंत्रच बरे, माणूस जितका कमी तितका खर्च कमी. या म्हणण्याला कामाच्या आतून उत्तर दिले पाहिजे, कारण भावनेने दिलेले उत्तर हिशेबापुढे टिकत नाही.

मराठी ग्रंथालयाचे काम म्हणजे काय असते ते पाहा. वाचक ‘आरती प्रभू’ मागतो, पुस्तक चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने लागलेले असते. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच लेखिकेची तीन नावे. गोविंदाग्रज, बाळकराम आणि राम गणेश गडकरी हीसुद्धा एकाच माणसाची. टेबलावरच्या माणसाला हे पाठ असते. यंत्राला ते कुणीतरी सांगावे लागते, आणि सांगणार तो टेबलावरचाच माणूस. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि निरनुनासिक उच्चाराचे अनुस्वार गेले. त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’ आणि ‘नांव’ असते. शोधचौकटीत ‘काही’ टाईप करणाऱ्या आजच्या मुलाला ते पुस्तक सापडत नाही. संगणक सांगतो, ‘नोंद नाही’. पुस्तक मात्र तिसऱ्या कपाटात असते. फाँटची गोष्ट तर आणखी दुखरी आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखीच वाचता येणारी अक्षरांची संकेतपद्धती, रुळण्याआधी आपल्याकडे निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत हजारो नोंदी टाईप झाल्या. त्या नव्या प्रणालीत नेताना पहिली वेलांटी एक अक्षर अलीकडे सरकते आणि रफार पलीकडे : ‘कविता’ची ‘किवता’ होते, ‘वर्ग’चे ‘वगर्’. ज्याला ही अक्षरे वाचून चूक कळते तो माणूस त्या कामावर नसेल तर ‘मराठी किवता’ हा विषय कायमचा यादीत राहतो. ठेकेदाराचे बिल तोवर मंजूर झालेले असते.

छापखान्यात हे आपण एकदा होऊ दिले आहे. खिळे जुळवणारे कंपोझिटर आणि त्यांच्यामागे बसणारे मुद्रितशोधक यांच्या बोटांत आणि डोळ्यांत मराठीचे ऱ्हस्वदीर्घ मुरलेले होते. डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आले ते आवश्यकच होते. पण त्या माणसांना संगणकापुढे बसवून त्यांचे ज्ञान पुढे नेण्याची तसदी फार थोड्या ठिकाणी घेतली गेली. खिळ्यांबरोबर माणसेही भंगारात गेली. आज मराठी वर्तमानपत्र उघडले की त्याची किंमत रोज सकाळी दिसते.

यंत्र बंद पडते तेव्हा काय, हाही हिशेबाचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणी द्यायला संस्थेने नकार दिला. जगातल्या सर्वांत मोठ्या ग्रंथसंग्रहांपैकी एकाची संगणकीय तालिका, म्हणजे संग्रहातल्या ग्रंथांची सूची, काही आठवडे दिसेनाशी झाली. जानेवारी २०२४ मध्ये ती परत आली, तीही आधी केवळ शोधण्यापुरती. मधल्या काळात वाचनकक्ष बंद करून घरी बसायचे का? तसे झाले नाही. छापील तालिका बाहेर निघाल्या, मागणीपत्रे हाताने लिहिली गेली, आणि संग्रह ठाऊक असलेल्या माणसांच्या बळावर जमेल तेवढे काम चालू राहिले. संस्थेने पुढे स्वतःच अहवाल काढून जुन्या, एकमेकांत अडकलेल्या प्रणालींमुळे सावरायला वेळ लागल्याची कबुली दिली. त्या प्रामाणिकपणाचा मला आदर वाटतो. तंत्रज्ञानाने काम न करणारा दिवस येणारच, हे ज्यांना ठाऊक आहे ते माणसांचे ज्ञान खर्चाच्या बाजूला लिहीत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे सगळे कालबाह्य होईल, असे आता म्हणतात. मला उलट दिसते. गेल्या वर्षभरात आमच्याकडे असे वाचक येऊ लागले आहेत की ज्यांच्या हातात मोबाईलने दिलेली पुस्तकांची यादी असते, लेखकाचे नाव खरे, पुस्तक मात्र कधी लिहिलेच गेले नाही. ‘हे पुस्तक नाहीच, पण तुम्हाला जे हवंय ते या दुसऱ्या पुस्तकात आहे’ हे सांगायला टेबलावर कुणीतरी लागते. तालिका जितकी अशुद्ध तितकी तिच्यावर पोसलेली यंत्रे अशुद्ध. मराठीची इंटरनेटवरची पुंजी आधीच तुटपुंजी आहे. तिच्यात ‘किवता’ आणि खोटी १८२० साले मिसळली तर पुढच्या पिढीला मराठीचा कोणता इतिहास मिळणार?

आता कुणी म्हणेल की माणसांना विचारून सॉफ्टवेअर बनत नसते. बनते. १९९९ मध्ये न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या छोट्या ग्रंथालय संस्थेपुढे अडचण उभी राहिली : तिची जुनी प्रणाली २००० साल पार करणार नव्हती आणि नवी विकत घेण्याइतके पैसे नव्हते. ग्रंथपालांनी आपल्याला रोजच्या कामात काय लागते ते एका छोट्या संगणक कंपनीला सांगितले, तिने तसे सॉफ्टवेअर लिहिले आणि ते जगाला फुकट देऊन टाकले. माओरी भाषेत भेटवस्तूला ‘कोहा’ म्हणतात, तेच त्याचे नाव. आज महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत कोहा चालते. ते टेबलावरच्या माणसाच्या गरजेतून जन्मले, हे त्या महाविद्यालयांनी ते बसवताना लक्षात ठेवले असते, तर देवघेवीच्या माणसाला शेवटच्या दिवशी पासवर्ड देऊन ‘आता यावर करा’ असे सांगितले गेले नसते.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. नवी प्रणाली घेताना निवड समितीत देवघेवीच्या टेबलावरचा एक माणूस असावा आणि त्याच्या सहीशिवाय बिल निघू नये. नोंदी भरण्याचे काम बाहेर दिले तरी तपासणी आतल्या माणसाने करावी, आणि त्या तपासणीचे पैसे ठेक्याच्या रकमेतच धरलेले असावेत. प्रशिक्षण कामाच्या वेळात व्हावे, त्या दिवशी वाचनालय दोन तास उशिरा उघडले तरी चालेल. वाचक समजून घेतात, फलक लावला म्हणजे झाले. जुनी वही काही महिने समांतर चालू द्यावी आणि ती कधी बंद करायची तो दिवस वही लिहिणाऱ्यानेच सांगावा. कंपनी बदलली तर सगळ्या नोंदी युनिकोडमध्ये, आपल्याला वाचता येतील अशा, परत मिळतील हे करारात लिहून घ्यावे. आणि ज्याने हे सगळे शिकून घेतले त्याच्या मानधनात ते दिसावे. यातल्या शेवटच्या गोष्टीला मंडळाकडे पैसे नसतात, हे मला ठाऊक आहे. मी त्याच मंडळात बसतो. पण आम्ही उद्घाटनाच्या मांडवावर, शाल-श्रीफळांवर आणि फोटोंवर जे खर्च केले तेवढ्यात बाईंना वर्षभर जादा मानधन देता आले असते. तो हिशेब मी नंतर बसून काढला.

बाईंची ती वही आता मी घरी आणून पाहतो आहे. देवघेवीच्या नोंदींच्या मागे, उलट्या बाजूने, त्यांनी एक यादी केली आहे : डावीकडे टोपणनावे, उजवीकडे खरी नावे, काही ठिकाणी कंसात लग्नाआधीचे आडनाव. अडीचशेच्या वर नोंदी आहेत. कुणी सांगितले नव्हते. येत्या महिन्यात मंडळापुढे नव्या प्रणालीचा विषय येतो आहे. सभेच्या सूचनेत त्यांचे नाव निमंत्रित म्हणून घालावे आणि दोन वर्षांपूर्वीचे ते समज-पत्र मागे घेण्याचा विषयही त्याच सभेत ठेवावा, असे पत्र मी कार्यवाहांना दिले आहे.